ॲम्प आणि सबवूफरची जोडी: आधी ओहम, मग वॅट, आणि शेवटी बॅटरी

तुम्ही दिलेली माहिती आधी एकत्र मांडतो, कारण बरेचसे उत्तर तिच्यातच आहे. तुमची गाडी लहान पेट्रोल हॅचबॅक आहे, बॅटरी ३५ अँपिअर-तासांची आहे आणि कांदिवली ते अंधेरी असा रोजचा प्रवास आहे. सबवूफर बारा इंची आणि दोन कॉइलचा (तारेच्या वेटोळ्यांचा) असून प्रत्येक कॉइल ४ ओहमची आहे. त्याची आरएमएस क्षमता, म्हणजे सतत पेलता येणारी शक्ती, ५०० वॅट आहे. ॲम्प चार चॅनलचा आहे. त्याच्या पुठ्ठ्याच्या खोक्यावर १६०० वॅट असे ठळक छापले आहे, पण आतल्या पुस्तिकेत ४ ओहमवर प्रत्येक चॅनलला ७५ वॅट, २ ओहमवर ११० वॅट आणि दोन चॅनल ब्रिज केल्यास (एकत्र जोडून एकच केल्यास) ४ ओहमवर २२० वॅट असे आकडे आहेत. फिटरने पुढचे दोन चॅनल दारांतल्या स्पीकरना दिले, मागचे दोन ब्रिज करून सबला जोडले आणि सबच्या दोन्ही कॉइल समांतर जोडल्या. आता आवाज वाढवला की दहा मिनिटांत ॲम्प तापतो, लाल दिवा लावून बंद पडतो, ठोक्यागणिक हेडलाइट मंदावतात आणि बेस सैल वाटतो. दुकानदार म्हणतो की एक फॅरडचा कपॅसिटर बसवा. तुम्ही विचारता की सब बदलावा, ॲम्प बदलावा की कपॅसिटर घ्यावा.

कपॅसिटर घेऊ नका, आणि तूर्त काहीच बदलू नका. ॲम्पमध्ये दोष नाही, सबमध्येही नाही. दोष त्या दोघांना जोडणाऱ्या दोन वीत वायरमध्ये आहे.

चार ओहमच्या दोन कॉइल समांतर जोडल्या की २ ओहम होतात, इथपर्यंत तुमच्या फिटरचा हिशोब बरोबर आहे. पुस्तिकेत ॲम्प २ ओहमला चालतो असे लिहिले आहे, हेही खरे. मात्र ते २ ओहम एकेका सुट्या चॅनलसाठी आहेत. दोन चॅनल ब्रिज केले की एक चॅनल कॉइलच्या एका टोकाला ढकलतो आणि दुसरा त्याच क्षणी दुसऱ्या टोकाला उलट दिशेने ओढतो. त्यामुळे प्रत्येक चॅनलला एकूण भाराचा निम्माच रोध जाणवतो. म्हणजे तुमच्या जोडणीत प्रत्येक चॅनल १ ओहमवर काम करतो आहे, आणि हे त्याच्या किमान मर्यादेच्या निम्मे आहे. पुस्तिकेत ब्रिज केलेल्या चॅनलपुढे फक्त ४ ओहमचाच आकडा आहे, २ ओहमचा नाही, याचे कारण हेच. लाल दिवा लागतो तेव्हा ॲम्प बिघडलेला नसतो, तो स्वतःला वाचवत असतो, आणि तुमचा ॲम्प आजवर जळला नाही याचे श्रेय त्या दिव्यालाच द्यावे लागेल.

यावरचा उपाय फुकट आहे. सबच्या दोन्ही कॉइल समांतर न जोडता एकामागोमाग एक, म्हणजे सिरीजमध्ये जोडा. ॲम्पची धन वायर पहिल्या कॉइलच्या धन टोकाला, पहिल्या कॉइलचे ऋण टोक दुसऱ्या कॉइलच्या धन टोकाला आणि दुसऱ्या कॉइलचे ऋण टोक परत ॲम्पला, अशी जोडणी केली की ८ ओहम होतात. ब्रिज केलेल्या प्रत्येक चॅनलला मग ४ ओहम दिसतील, तो ७५ वॅट देईल आणि दोघांचे मिळून १५० वॅट सबला मिळतील. जोडणीनंतर ॲम्पकडची टोके सोडवून मल्टिमीटरने रोध मोजा. चार ओहमची कॉइल मीटरवर चार दाखवत नाही, साधारण ३.२ ते ३.६ दाखवते, कारण मीटर फक्त तारेचा एकदिश रोध मोजतो; तेव्हा सिरीजमध्ये सातच्या आसपास आकडा आला की जोडणी बरोबर आहे, आणि पावणेदोनच्या आसपास आला तर कॉइल अजून समांतरच आहेत. संगीत वाजत असताना हा रोध वारंवारतेप्रमाणे बदलत राहतो आणि सबच्या स्वतःच्या अनुनादाजवळ कित्येक पटींनी वाढतो, म्हणून या गणितात दशांशापर्यंत अचूकता शोधण्यात अर्थ नाही. किमान मर्यादा मात्र मोडायची नाही.

एकेक कॉइल एकेका चॅनलला सुटी जोडण्याचा पर्यायही काही जण सुचवतात. त्यातही ७५ आणि ७५ मिळून १५० वॅटच होतात, पण दोन्ही चॅनलचा गेन (येणारा सिग्नल ॲम्प किती वाढवतो ते) तंतोतंत सारखा ठेवावा लागतो आणि दोघांना एकच मोनो सिग्नल द्यावा लागतो, नाहीतर एकाच शंकूवरच्या (स्पीकरच्या हलणाऱ्या पडद्यावरच्या) दोन कॉइल आपापसांत झगडत बसतात. मी सिरीजच पसंत करतो.

पाचशे वॅटच्या सबला दीडशे वॅट म्हणजे फारच कमी, असे तुम्हाला वाटेल. वॅट आणि कानाला जाणवणारा आवाज यांचे नाते मात्र सरळ नाही. वॅट दुप्पट केले की आवाज ३ डेसिबलने वाढतो, आणि आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटायला साधारण १० डेसिबल, म्हणजे दहापट वॅट लागतात. १५० आणि ५०० यांतला फरक जेमतेम ५ डेसिबलचा आहे. कागदावर तिपटीहून मोठे दिसणारे हे अंतर डिकीत बसवल्यावर इतकेच उरते. त्यामुळे महिनाभर सिरीजच्या जोडणीवर ऐका आणि मगच खिशात हात घाला.

त्या १६०० वॅटचे काय, हेही तुम्ही विचारले आहे. कोणत्याही ॲम्पची खरी ताकद ताडायची असेल तर त्याच्या बुडाशी असलेले फ्यूज पाहावेत. तुमच्या ॲम्पवर ३० अँपिअरचे दोन फ्यूज आहेत. साठ अँपिअर गुणिले १३.८ व्होल्ट म्हणजे जास्तीत जास्त ८२८ वॅट आत जाऊ शकतात; एबी वर्गाचा ॲम्प त्यांतले सुमारे साठ टक्के स्पीकरला देतो आणि बाकीची उष्णता करून टाकतो, म्हणजे पाचशेच्या आतबाहेर. पुस्तिकेतला चार गुणिले ११० हा हिशोब त्याच्याशी जुळतो, याचा अर्थ पुस्तिका प्रामाणिक आहे आणि खोके नाही. अमेरिकेतल्या सीईए-२००६ या मानकाप्रमाणे मोजलेला आकडा छापलेला असेल तर तो विश्वासाने घ्यावा, कारण तो १४.४ व्होल्टवर, ४ ओहमच्या भारावर आणि एक टक्क्याहून अधिक विकृती नसताना मोजलेला असतो. हीच काळजी सबबाबतही घ्या. सबवरचा 'मॅक्स' किंवा 'पीक' आकडा जोडी जमवताना वापरायचाच नाही, आरएमएसला आरएमएसच भिडवायचे.

आता जुन्या समजुतीकडे येतो, कारण कमी वॅटच्या ॲम्पने सब जळतो अशी भीती तुमच्या पत्रातही डोकावते. सब जळतो तो कॉइल तापल्यामुळे, आणि कॉइल तापते ती तिला मिळणाऱ्या सरासरी वॅटमुळे. ॲम्पला त्याच्या कुवतीपलीकडे रेटले की लहरीचा माथा कापला जातो आणि लहर चौकोनी होत जाते. याला क्लिपिंग म्हणतात. त्याच उंचीच्या पूर्ण चौकोनी लहरीत साध्या लहरीच्या दुप्पट शक्ती असते. म्हणजे १५० वॅटचा ॲम्प कितीही पिळला तरी ३०० वॅटच्या पलीकडे जाणार नाही, आणि ५०० वॅटचा सब ते पचवेल. आवाज मात्र घाणेरडा येईल. उलट ३०० वॅटच्या सबवर ४०० वॅटचा ॲम्प लावून तो क्लिप होईपर्यंत चढवला तर ८०० वॅटपर्यंत मजल जाते आणि मग डिकीतून जळक्या व्हार्निशचा वास येतो. हा वास मी स्वतःच्या गाडीतही घेतला आहे. नवखा असताना गेन कानाने लावला होता, आणि परळच्या पुलावर पोहोचेपर्यंत सबचा आवाज हळूहळू खाली आला. मला वाटले स्टिरिओत काही झाले, म्हणून मी आवाज आणखी वाढवला. कॉइल तापली की तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो, म्हणजे शंभर अंशांनी तापलेल्या कॉइलचा रोध चाळीस टक्के अधिक होतो आणि ती जवळजवळ तीस टक्के कमी शक्ती घेते, हे तेव्हा मला ठाऊक नव्हते. आवाज आपोआप खाली येणे हा इशारा असतो, आणि मी त्याला नेमका उलट प्रतिसाद दिला.

म्हणून गेन हे आवाजाचे बटण समजू नका. स्टिरिओकडून येणारा सिग्नल किती व्होल्टचा आहे, हे ॲम्पला सांगण्याची ती किल्ली आहे. ती लावण्याची पद्धत अशी: सब सोडवून ठेवा, बेस बूस्ट आणि इक्वलायझर शून्यावर आणा, स्टिरिओचा आवाज पूर्ण क्षमतेच्या तीन-चतुर्थांशावर ठेवा, ५० हर्ट्झचा पूर्ण पातळीचा चाचणी-स्वर वाजवा आणि ॲम्पच्या स्पीकर-टोकांवर एसी व्होल्ट मोजा. हवे असलेले वॅट आणि ओहम यांचा गुणाकार करून त्याचे वर्गमूळ काढले की लक्ष्य मिळते. तुमच्या ८ ओहमवर १५० वॅटसाठी ते ३४.६ व्होल्ट येते. तिथपर्यंत गेन न्यायचा आणि थांबायचे. गंमत अशी की उद्या २ ओहमवर ५०० वॅट हवे असतील तर व्होल्ट ३१.६ म्हणजे थोडे कमीच लागतात. पण आज ॲम्पकडून सबला जाणारा प्रवाह साडेचार अँपिअरच्या आत आहे, तो तेव्हा सोळाच्या घरात जाईल. ओहम उतरवण्याचा सगळा भार प्रवाहावर पडतो, आणि तो प्रवाह शेवटी बॅटरीतून यायचा असतो.

महिनाभर ऐकूनही अधिक हवेसे वाटले, तर चार चॅनलचा ॲम्प दारांना राहू द्या आणि सबसाठी डी वर्गाचा (कमी उष्णता करणारा) मोनोब्लॉक, म्हणजे एकाच चॅनलचा ॲम्प, घ्या. मोनोब्लॉकच्या जाहिरातीत बहुधा १ ओहमचा आकडा मोठ्या अक्षरांत असतो. तुम्ही २ ओहमपुढचा आकडा वाचायचा आणि तिथे ४०० ते ५०० वॅट आरएमएस असलेला निवडायचा. मग तुमच्या कॉइल समांतर जोडता येतील, कारण मोनोब्लॉक आपल्या टोकांना दिसणारे २ ओहम २ ओहमच मानतो. खरेदीच्या वेळी ॲम्प आधी आणि सब नंतर ठरवला असता तर हा खर्चही टळला असता. दोन कॉइलचे बरेच सब ४ अधिक ४ आणि २ अधिक २ अशा दोन रूपांत मिळतात. एका सबमध्ये पहिल्या रूपातून ८ किंवा २ ओहम निघतात आणि दुसऱ्यातून ४ किंवा १. हाच सब तुम्ही २ अधिक २ रूपात घेतला असता तर सिरीजमध्ये नेमके ४ ओहम होऊन तुमच्या आजच्याच ॲम्पने त्याला २२० वॅट दिले असते. दुकानदाराने जे शिल्लक होते ते दिले; यात त्याचा फार दोष धरण्यात अर्थ नाही, पण पुढच्या वेळी कॉइलचा आकडा विचारूनच पैसे द्या.

मोनोब्लॉक घेण्याआधी बॅटरीकडे पाहणे भाग आहे, कारण मुंबईत खरी मर्यादा तिथे येते. डी वर्गाचा ॲम्प ऐंशी टक्के कार्यक्षम धरला तर ५०० वॅट द्यायला तो ६२५ वॅट खेचतो, म्हणजे १३.८ व्होल्टवर ४५ अँपिअर. संगीतात ठोके आणि विसावे असतात, त्यामुळे सरासरी याच्या बरीच खाली राहते, पण ठोक्याच्या क्षणी मागणी एवढीच असते. लहान गाडीचा अल्टरनेटर (इंजिनवर फिरून वीज बनवणारे जनित्र) साधारण ७० ते ९० अँपिअरचा असतो, आणि तो आकडा इंजिन जोरात फिरत असतानाचा आहे. जुलैच्या संध्याकाळी पश्चिम द्रुतगती महामार्गावर जोगेश्वरीजवळ गाडी रांगत असते तेव्हा इंजिन जेमतेम फिरत असते आणि एसीचा पंखा, रेडिएटरचा पंखा, हेडलाइट, वायपर, मागच्या काचेची जाळी हे सगळे एकदम सुरू असते. अल्टरनेटर जे काही देतो त्यातला मोठा वाटा गाडीच गिळते, उरलेले बॅटरी देते, आणि ३५ अँपिअर-तासांच्या बॅटरीकडे देण्यासारखे फार नसते. व्होल्टेज १४.४ वरून १२ वर आले तर नियंत्रित पुरवठा नसलेल्या ॲम्पची ताकद व्होल्टच्या वर्गाच्या प्रमाणात घसरते आणि ५०० वॅटचे साडेतीनशेच उरतात. महामार्गावर ऐकून पसंत केलेला ॲम्प ट्रॅफिकमध्ये निराळा का वाटतो, याचे कारण हे आहे.

इथेच कपॅसिटरचाही निकाल लागतो. एक फॅरडचा कपॅसिटर १४ व्होल्टवरून १३ वर उतरताना साडेतेरा ज्यूल ऊर्जा सोडतो. सहाशे पंचवीस वॅट खेचणाऱ्या ॲम्पला ती सुमारे २२ मिलिसेकंद पुरते, म्हणजे ५० हर्ट्झच्या स्वराचे जेमतेम एक आवर्तन. त्यानंतर त्याच दमलेल्या अल्टरनेटरला कपॅसिटरही भरायचा असतो. त्या पैशांत जाड वायर येते आणि तिचा उपयोग कितीतरी अधिक होतो. ४ गेजच्या (गेजचा आकडा लहान तितकी वायर जाड) शुद्ध तांब्याच्या पाच मीटर वायरीतून ४५ अँपिअर गेले तर ०.२ व्होल्टहून कमी घट होते. ८ गेजमध्ये ती अर्ध्या व्होल्टजवळ जाते. लॅमिंग्टन रोडवर वायर घेताना टोक ब्लेडने खरवडून पाहा. आत रुपेरी रंग दिसला तर ते तांब्याचा मुलामा दिलेले ॲल्युमिनियम आहे. त्याची वहनक्षमता तांब्याच्या साधारण दोन-तृतीयांश असते, आणि आपल्या खाऱ्या दमट हवेत त्याची टर्मिनले दोन पावसाळ्यांत पांढरी पडून तापू लागतात. मुख्य फ्यूज बॅटरीपासून हातभर अंतराच्या आतच हवा, कारण तो ॲम्पसाठी नसून वायरीसाठी असतो. अर्थची (गाडीच्या पत्र्याला जोडायची) वायरही तितकीच जाड घ्या, आखूड ठेवा आणि रंग खरवडलेल्या पत्र्यावर घट्ट आवळून वरून रंगाचा हात फिरवा. ॲम्प सीटखाली जमिनीवर ठेवू नका. पावसाळ्यात अंधेरीच्या सबवेजवळ पाणी दारातून आत यायला वेळ लागत नाही. मागच्या सीटच्या पाठीवर लाकडी फळी लावून त्यावर बसवणे बरे.

बॉक्सविषयी मात्र तुम्ही एक शब्दही लिहिलेला नाही, आणि सैल बेसचे मूळ बहुधा तिथेच असेल. सबची आरएमएस क्षमता ही उष्णतेची मर्यादा आहे. शंकू किती पुढे-मागे जाऊ शकतो ही मर्यादा वेगळी, आणि ती बॉक्सवर ठरते. बंद बॉक्समधली हवा शंकूला स्प्रिंगसारखी धरून ठेवते. पोर्ट (हवेसाठी नळीसारखे भोक) असलेला बॉक्स मोठा आवाज देतो, पण ज्या वारंवारतेला पोर्ट जुळवलेला आहे तिच्याखाली शंकूचा आधार सुटतो, आणि मग ५०० वॅटचा सब दोनशे वॅटवरही आदळून फाटू शकतो. तुमचा बॉक्स पोर्टचा असेल तर ॲम्पमधला सबसॉनिक फिल्टर (फार खालचे स्वर अडवणारा) पोर्टच्या वारंवारतेच्या किंचित खाली लावल्याशिवाय वॅट वाढवू नका. बॉक्स किती लिटरचा हवा हे अंदाजाने ठरत नाही. नेव्हिल थील यांनी १९६१ साली ऑस्ट्रेलियात आणि पुढे रिचर्ड स्मॉल यांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला बसवलेल्या गणितातून ते निघते, आणि त्यासाठी लागणारे आकडे सबच्या पुस्तिकेत थील-स्मॉल पॅरामीटर या नावाने दिलेले असतात. बाजारात तयार मिळणारा सरसकट बारा इंची बॉक्स तुमच्या सबसाठी बनवलेला नसतो. लहान हॅचबॅकमध्ये मी बंद बॉक्सच सुचवतो. बंद काचांच्या छोट्या केबिनमुळे साधारण ६०-७० हर्ट्झच्या खाली बेस आपोआप उचलला जातो, आणि नेमकी तिथेच बंद बॉक्सची उतरण सुरू होत असते. दोन्ही एकमेकांना सावरतात. लो-पास फिल्टर (सबला फक्त खालचे स्वर जाऊ देणारा) ८० हर्ट्झच्या आसपास ठेवा आणि दारांतल्या स्पीकरना तिथूनच हाय-पास (खालचे स्वर अडवणारा) लावा, म्हणजे तेही मोकळे होतील. तुमच्या डिकीत सीएनजीची टाकी असती तर बारा इंची सबचा विषयच मी काढला नसता. मुंबईतल्या अशा गाड्यांना सीटखालचा आठ इंची, आतच ॲम्प असलेला सब योग्य, कारण टाकीच्या आसपास भोके पाडणे आणि वायरी ओढणे हे काम नव्हे.

या रविवारी सिरीजची जोडणी करून घ्या. भार हलका झाल्यावर ॲम्प कमी प्रवाह खेचेल, त्यामुळे लाल दिव्याबरोबर हेडलाइटचे मंदावणेही बहुधा थांबेल. मग इंजिन आयडलवर, एसी आणि हेडलाइट सुरू ठेवून, नेहमीच्या सर्वांत मोठ्या आवाजात दोन ठिकाणी डीसी व्होल्ट मोजा: बॅटरीच्या टर्मिनलवर आणि ॲम्पच्या टर्मिनलवर. बॅटरीवर १३.५ च्या वर असून ॲम्पवर अर्ध्या व्होल्टहून अधिक घट असेल तर आधी वायर आणि अर्थ बदला. बॅटरीवरच ते १२.६ च्या खाली येत असेल तर मोनोब्लॉक ३०० वॅटच्या वर नको. हे दोन आकडे आणि बॉक्सची आतली लांबी, रुंदी, उंची कळवा, म्हणजे मोनोब्लॉक किती वॅटचा घ्यावा आणि बॉक्स ठेवावा की बदलावा हे सांगता येईल.